हात काडी, पोट पुढे: यांनी वजन कमी करायचं की वाढवायचं?

उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. शर्टाची बाही दंडावर ढगळ आणि तिसरं-चौथं बटण पोटावर ताणलेलं. असा माणूस जिममध्ये नाव घालायला गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कटिंग (खाणं कमी करून चरबी उतरवणं) करायचं की बल्किंग (जास्त खाऊन वजन वाढवणं)? त्याच्यासाठी दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. कमी खाऊन वजन ६० वर आणलं तर हात आणखी बारीक होतील आणि पोट लहान झालं तरी लोंबतंच राहील. मसल बनवायचं म्हणून केळी, शेक आणि भाताचा डोंगर सुरू केला तर सगळ्यात आधी कंबरच वाढेल. त्याला चरबी उतरवत स्नायू वाढवायचे आहेत, दोन्ही एकाच वेळी. त्यातून सहा महिन्यांनी वजन ६६ दिसलं तरी माणूस बदललेला असतो.

ही ठेवण आपल्याकडे इतकी सर्रास का दिसते, यावर पुण्यातच मोठं काम झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांच्या मोजमापातही हेच दिसलं: इंग्लंडमधल्या बाळांचं सरासरी वजन ३.५ किलो, इथल्यांचं २.७. पण वजनातली ही तूट मुख्यतः स्नायूंची होती, त्वचेखालची चरबी बरीचशी शाबूत होती. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० व बायकांना ८० सेंटिमीटर मानतात. वरच्या माणसाचा बीएमआय २४ आहे. 'थोडंसंच जास्त' म्हणून तो सोडून देईल, पण कंबर मर्यादेच्या चार सेंटिमीटर पुढे गेलेली आहे.

एकाच वेळी हे होतं कसं

'चरबीचं स्नायूत रूपांतर' होत नाही. दोन्ही वेगळ्या पेशी आहेत. होतं ते असं की ऊर्जा एका कोठारातून निघते आणि बांधकाम दुसरीकडे होतं. ६८ किलोच्या माणसात २५ टक्के चरबी म्हणजे १७ किलो. एका किलोला साधारण ७७०० कॅलरी धरल्या तर सव्वा लाखाहून जास्त कॅलरी अंगावर साठलेल्या आहेत. स्नायू बांधायला लागणारी ऊर्जा तिथून मिळू शकते. चरबीत नायट्रोजन नाही, त्यामुळे बांधकामाचा माल, म्हणजे प्रोटीनमधली अमिनो आम्लं, मात्र ताटातूनच यावी लागतात. आणि स्नायू वाढवायला शरीराला कारण लागतं, ते व्यायामातून मिळतं. यातलं एकही सुटलं की गाडी अडते. व्यायामाविना प्रोटीन खाल्लं तर त्या जास्तीच्या कॅलरीच होतात, आणि प्रोटीनशिवाय डाएट केलं की चरबीबरोबर स्नायूही जातात.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली याची कडक परीक्षा झाली. ४० तरुण, जाडसर पुरुष, चार आठवडे, गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी आणि आठवड्यातून सहा दिवस दणकून व्यायाम. निम्म्यांना शरीराच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन, निम्म्यांना २.४. पहिल्या गटाची चरबी ३.५ किलोने घटली आणि चरबीविरहित वजन जवळपास तेवढंच राहिलं. दुसऱ्याची चरबी ४.८ किलोने घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढलं.

हे वाचून कोणी उद्यापासून निम्मं जेवण बंद करू नये. ती पोरं चार आठवडे पूर्ण देखरेखीखाली होती, जेवण मोजून हातात मिळत होतं. नोकरी, लोकल आणि घर सांभाळणाऱ्याला ४० टक्के तूट दहा दिवसांत वडापावच्या गाडीवर नेऊन उभं करते. शिवाय अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब असं सांगतो की रोजची तूट ५०० कॅलरींच्या आसपास गेली की सरासरीने स्नायूंची वाढ थांबते. ताकद वाढते, पण मांस चढत नाही. म्हणून तूट छोटी, २०० ते ३०० कॅलरींची. वरच्या माणसासाठी सुरुवातीचा अंदाज: वजन गुणिले ३१, म्हणजे रोज सुमारे २१००. त्यातून २०० ते २५० वजा केल्यावर १८५० ते १९००. हा नुसता पहिला अंदाज आहे. तीन आठवड्यांनी कंबर आणि वजन पाहून १०० इकडे-तिकडे करायचेच असतात.

नव्याने सुरू करणारे, मोठ्या खंडानंतर परत येणारे आणि अंगावर बऱ्यापैकी चरबी असलेले, या तिघांना हा मार्ग चांगला लागू पडतो. तीन-चार वर्षं नीट व्यायाम करून आधीच सडपातळ झालेल्याला यातून फार काही हाती लागत नाही. त्याने बल्क आणि कट आलटून-पालटून करावं.

व्यायाम: आठवड्याला तीन दिवस, पण वहीसकट

सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे ही वाटणी गल्लोगल्लीच्या जिममध्ये चालते. नवख्यासाठी ती वाया जाणारी मेहनत आहे. एका स्नायूला आठवड्यातून एकदाच चाप बसतो, आणि नेमका सोमवार बुडाला की छातीला थेट पुढचा सोमवार. त्यापेक्षा पूर्ण शरीराचे दोन साचे करा. 'अ' मध्ये स्क्वॉट, डंबेल बेंच प्रेस, बसून ओढायचं रोइंग आणि प्लँक (कोपरांवर अंग सरळ धरून थांबणं). 'ब' मध्ये रोमानियन डेडलिफ्ट, उभ्याने किंवा बसून खांद्याचं प्रेस, लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढणं) आणि लंजेस (एक पाय पुढे टाकून बैठक). प्रत्येकी तीन सेट, म्हणजे मध्ये थांबून तीन फेऱ्या. एका आठवड्यात अ-ब-अ, पुढच्यात ब-अ-ब. वॉर्मअप धरून तास पुरतो. यात ढकलण्याच्या आणि ओढण्याच्या व्यायामांचे आठवड्याला नऊ-नऊ आणि पायांचे १२ ते १५ कामाचे सेट होतात. पहिले दोन महिने तेवढं भरपूर आहे, पुढे ढकलण्या-ओढण्याचेही १२ पर्यंत न्या.

'कामाचा सेट' कशाला म्हणायचं, इथे बहुतेकांची गडबड होते. सेट संपला तेव्हा चांगल्या पद्धतीने आणखी एक-दोन, फार तर तीन रेप (एक रेप म्हणजे वजन एकदा वर-खाली) निघाले असते, इतक्या जवळ तो जायला हवा. ओळखायची खूण म्हणजे वेग. तुम्ही पूर्ण जोर लावताय आणि तरी वजन आपोआप हळू वर जातंय, म्हणजे शेवट जवळ आला. मोबाइल बघत १२ मोजून खाली ठेवलेलं डंबेल १८ वेळाही उचललं गेलं असतं, तर तो सेट वॉर्मअपमध्ये धरा.

आणि आता वही. गोब्लेट स्क्वॉट, म्हणजे डंबेल छातीशी उभं धरून केलेली बैठक, घ्या. १२.५ किलोने पहिल्या दिवशी ९, ८, ८ रेप निघाले. पुढच्या वेळी १०, ९, ८. वजन तेच ठेवून रेप वाढवत जायचं. तिन्ही सेटमध्ये १२ झाले की १५ किलोचं डंबेल घ्यायचं, पुन्हा ९, ८, ८ वर यायचं, आणि परत चढायचं. वहीत तारीख, वजन, रेप एवढं तीन रकान्यांत लिहिलं की झालं. मागच्या वेळी काय उचललं हे आठवावं लागत असेल तर तुम्ही गेले कित्येक आठवडे तेच उचलत असता. खांद्याच्या प्रेसला मात्र १० वरून १२.५ ही उडी सरळ पंचवीस टक्क्यांची आहे. तिथे १२ ऐवजी १५ रेपपर्यंत थांबा, मग वजन बदला. आणखी एक: गल्लीतल्या जिममधला प्रत्येक रॉड २० किलोचा नसतो. एकदा काट्यावर ठेवून बघा, नाहीतर जिम बदलल्यावर ताकद अचानक घटल्याचा भास होतो.

दोन सेटमधली विश्रांती मोठ्या व्यायामांना दोन ते तीन मिनिटं. घाम यावा म्हणून तीस सेकंदांत पुढचा सेट मारला की स्नायू थकायच्या आधी दम संपतो. मग वजन कमी उचललं जातं आणि वाढीचं कारणच उरत नाही. घाम हे व्यायामाचं माप असतं तर मे महिन्यात नागपूरला नुसतं बसून सगळे पैलवान झाले असते.

रोमानियन डेडलिफ्टवर थोडं थांबायला हवं, कारण खुर्चीत दिवस काढणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगी व्यायाम हाच आणि सगळ्यात जास्त बिघडतोही हाच. भिंतीकडे पाठ करून, वीतभर पुढे उभे राहा. पावलं कंबरेइतकी रुंद, रॉड मांड्यांना टेकलेला. गुडघे किंचित सैल करा आणि मग ते तिथेच धरून ठेवा. आता ढुंगण मागे सरकवत भिंतीला टेकवा. छाती आपोआप खाली येते, तुम्ही ती वाकवायची नाही. रॉड मांडीला, मग गुडघ्याला चाटत खाली सरकतो. मांडीच्या मागच्या बाजूला घट्ट ताण जाणवला की थांबा. बहुतेकांचा रॉड गुडघ्याखाली चार बोटांवर असतो. जमिनीला टेकवायची सक्ती नाही. टेकवायच्या नादात पाठीला बाक येतो आणि वजन मांड्यांवरून सुटून कमरेवर बसतं. मग टाचांवर जोर देऊन ढुंगण पुढे आणत उभे राहा, वर पोचल्यावर मागे कलू नका.

चुका तीनच ठिकाणी होतात. रॉड पायापासून चार इंच पुढे जातो आणि कमरेवरचा ताण एकदम वाढतो. गुडघे वाकत जातात आणि व्यायामाचा स्क्वॉट होतो. किंवा मान वर करून आरशात बघत राहिल्यामुळे मानेला उसण भरते. दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू दुखत असेल तर ठीक चाललंय, कमरेचा खालचा भाग दुखत असेल तर वजन निम्मं करून भिंतीपाशी परत या. पळायचे फुगीर तळव्याचे बूट इथे नकोत. सपाट कॅनव्हास बूट किंवा अनवाणी. मुठी आधी सैल पडत असतील तर मनगटाचे पट्टे खुशाल वापरा, पकडीच्या हट्टापायी मांड्यांचा व्यायाम अर्धवट सोडण्यात शहाणपण नाही.

जिम नसेल तर जोर-बैठका आहेतच, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तीसच्या पुढे जोर सहज निघायला लागले की ताकद आणि मांसापेक्षा दमसास जास्त वाढतो. तेव्हा संख्या वाढवण्यापेक्षा काम अवघड करा: खाली जायला तीन सेकंद, पाय पाटावर, पाठीवर पुस्तकांची सॅक. बैठकांना छातीशी दहा किलो आट्याची पिशवी धरा. दुसरं म्हणजे जोर-बैठकांत ओढण्याचा व्यायाम नाही. तालमीत तो भाग दोर चढणं आणि कुस्तीची पकड भरून काढायची. घरी नुसते जोर मारणाऱ्याची छाती आवळत जाते आणि पाठ तशीच राहते. बागेतला सिंगल बार किंवा दाराला अडकवलेला जाड रबरी बँड, काहीतरी ओढायला हवंच.

पोटाच्या व्यायामाने पोटाची चरबी जात नाही. क्रंचेस मारल्याने आतले स्नायू तयार होतात, वरचा थर कुठून आधी उतरायचा हे तुमची अनुवंशिकता ठरवते. पुरुषांत पोट साधारण शेवटी उतरतं, बायकांत मांड्या-नितंब.

चालणं रोज सात ते दहा हजार पावलं. कार्डिओ आवडत असेल तर आठवड्यातून दोनदा २०-३० मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगात आणि वजनाच्या व्यायामानंतर. ट्रेडमिलच्या पडद्यावर जळालेल्या म्हणून दिसणाऱ्या कॅलरी खाऊन भरून काढू नका. तो आकडा बहुधा फुगलेला असतो.

ताटातलं प्रोटीन

लक्ष्य दर किलोला १.६ ग्रॅम. २०१८ साली ४९ अभ्यास आणि १८६३ माणसांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा सरासरी फायदा याच्या आसपास थांबतो असं दिसलं. तूट ठेवून खाताना २ पर्यंत गेलं तरी चालतं. वजन फारच जास्त असेल तर गुणाकार सध्याच्या वजनाने न करता गाठायच्या वजनाने करा. आपल्या ६८ किलोवाल्याला १०५ ते ११० ग्रॅम हवेत. राष्ट्रीय पोषण संस्थेची दर किलोला ०.८३ ग्रॅमची शिफारस सर्वसाधारण निरोगी माणसासाठी आहे. तूट ठेवून वजनं उचलणाऱ्यासाठी ती कमी पडते.

'आमच्याकडे रोज वरण असतं' हे ऐकून पुढचा प्रश्न विचारायचा: किती डाळीचं? एका वाटीत ३० ग्रॅम कच्ची तूरडाळ असेल तर साडेसहा ग्रॅम प्रोटीन. मेसच्या पातळ वरणात ती १५ ग्रॅमही नसते. दाणेही असेच फसवतात. १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रोटीन आहे खरं, पण सोबत ४८ ग्रॅम चरबी आणि ५७० कॅलरी. ते चटणीपुरते ठीक. शाकाहाऱ्यांसाठी खरी ताकदवान वस्तू म्हणजे सोया चंक्स: ५० ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये २६ ग्रॅम प्रोटीन, १७० कॅलरी, आणि खर्च पनीरच्या कितीतरी खाली. मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा घट्ट पिळले की उग्र वास जातो. मग कांदा-टोमॅटो-काळा मसाला लावून रश्शात सोडा. सोयाने पुरुषी हार्मोन घटतात ही भीती पुरुषांवरच्या अभ्यासांत खरी ठरलेली नाही. पोट मात्र फुगू शकतं, म्हणून पहिला आठवडा २५ ग्रॅमच घ्या.

मासे खाणाऱ्यांना सोपं आहे. १०० ग्रॅम बांगड्यात १९ ग्रॅमच्या आसपास. ताजा बोंबील मात्र बहुतेक पाणीच, १०० ग्रॅमला जेमतेम दहा. रवा लावून भरपूर तेलात तळल्यावर तर हिशोबच संपला.

आता दिवसाचं ताट. सकाळी ६० ग्रॅम मुगाचे धिरडे, आत ५० ग्रॅम पनीर किसून: २३ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, ५० ग्रॅम कच्च्या मटकीची उसळ, दीडशे ग्रॅम दही आणि कोशिंबीर: आणखी २३. संध्याकाळी पाव लिटर दूध आणि दोन उकडलेली अंडी: २०. रात्री ५० ग्रॅम सोया चंक्सचा रस्सा, एक ज्वारीची भाकरी, वाटीभर दाट वरण: ३८. एकूण १०४ ग्रॅम, आणि तेल दिवसभरात पाच चहाचे चमचे ठेवलं तर सुमारे १९०० कॅलरी. अंडी नको असतील तर एक स्कूप व्हे पावडर. त्यात २४ ग्रॅमच्या आसपास मिळतं आणि ते नुसतं दुधाचंच प्रोटीन असतं. जे ताटातून होतंय त्यासाठी डबा विकत घ्यायची गरज नाही.

तेलाचा हिशोब महिन्याच्या किराणा यादीवर करा, फोडणीच्या चमच्यावर नको. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज २७० कॅलरी फक्त तेलाच्या. ते तीन लिटरवर आलं की जवळजवळ ७० कॅलरी काही न सोडता गेल्या. दिवसात चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आणखी १६०. हवी ती तूट एवढ्यातच निघते. पोळी-भाताला हात लावायची वेळही येत नाही, आणि लावूही नये. कर्बोदकं फार कापली की व्यायामात जोर राहत नाही.

मग येतो उपवास. एकादशी अन् दुप्पट खाशी हे उगीच म्हणत नाहीत. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट आणि मोठा चमचा तूप घातलेली एक बशी खिचडी सव्वापाचशे कॅलरींची, प्रोटीन सहा-सात ग्रॅम. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्यच. उपवास करायचाच तर वरीचा भात, भरपूर दही, दूध, पनीर आणि राजगिरा घ्या, आणि त्या दिवशी जड व्यायाम ठेवू नका.

क्रिएटिन ही पूरक पावडर रोज ३ ते ५ ग्रॅम घेतली तर ताकदीला थोडी मदत होते. साधं मोनोहायड्रेट पुरे, महागड्या प्रकारांत जास्तीचं काही नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्नायूंत पाणी धरल्याने एखादा किलो वाढतो, ती चरबी नव्हे. फॅट बर्नरच्या गोळ्यांवर मात्र एक रुपयाही घालवू नका.

झोपेचा भाग लोक हसण्यावारी नेतात. शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगात जाड माणसांना तेच कमी जेवण दोनदा दिलं, एकदा साडेआठ तास झोपू दिलं आणि एकदा साडेपाच. दोन आठवड्यांत दोन्ही वेळी वजन सुमारे ३ किलोच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यात चरबी १.४ किलो होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. उरलेलं सगळं चरबीविरहित वजन.

काट्यावर विश्वास किती ठेवायचा

या प्रकारात काटा फार छळतो. आदल्या रात्री लोणचं-पापड झालं, सकाळी पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, कालच पायांचा व्यायाम केला, यातल्या कशानेही एक-दोन किलो वर जातात. रोज सकाळी त्याच वेळी वजन करून सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीचीच सरासरीशी तुलना करा. तेवढा धीर नसेल तर काटा कपाटात ठेवलेला बरा.

टेप जास्त प्रामाणिक आहे, फक्त ती दरवेळी तशीच लावली पाहिजे. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही न खाता-पिता, आरशासमोर उभे राहा. टेप बेंबीच्या पातळीवर, मागून खाली घसरलेली नको. साधा श्वास सोडा आणि सोडल्या क्षणी वाचा. पोट आत ओढायचं नाही. तीनदा मोजा, मधला आकडा लिहा, आठवड्यातून एकदा. सोबत दंड आणि मांडी महिन्यातून एकदा. जिममधलं चरबी मोजायचं यंत्र अंगातून हलका विद्युतप्रवाह सोडून पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. दोन ग्लास पाणी जास्त प्यायलात की आकडा हलतो. ३१ वरून २८ टक्के झाल्याचं प्रिंटआउट हातात घेऊन पेढे वाटू नका.

चांगलं जमलं तर चार महिन्यांत चित्र साधारण असं: चरबी चार किलो कमी, स्नायू दीड-दोन किलो जास्त, काट्यावर फक्त दोन-अडीच किलोंचा फरक. बायकांत स्नायूंची वाढ किलोंमध्ये याच्या निम्म्याच्या आसपास, ताकदीची टक्केवारी मात्र तितकीच. कंबर कमी होतेय आणि वहीतले आकडे वाढताहेत, तर वजन हललं नाही तरी काहीच बदलू नका. कंबर तीन-चार आठवडे जागची हललेली नाही पण ताकद वाढतेय, तर १०० ते १५० कॅलरी कमी करा. कंबर उतरतेय पण सलग दोन आठवडे रेप घटताहेत, तर आधी झोप बघा, मग १०० ते १५० कॅलरी वाढवा. दोन्ही थांबलेत, तर बहुतेक वेळा शनिवार-रविवारचं खाणं वहीत आलेलं नसतं.

काहींनी आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर कमी खाणं आणि जास्त व्यायाम मिळून साखर एकदम उतरू शकते, डोस बदलावा लागतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वरचं प्रोटीनचं प्रमाण तुमच्यासाठी नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल तर श्वास कोंडून जड वजन उचलणं धोक्याचं. साठीच्या पुढच्यांनी घाबरून मागे हटू नये, त्यांना याची गरज उलट जास्त आहे. फक्त सुरुवात खुर्चीवरून उठ-बस आणि हलक्या डंबेलनी करावी, आणि प्रोटीन दोन-तीन जेवणांत दर वेळी तीसेक ग्रॅम पडेल असं वाटून घ्यावं.

कंबर ९० च्या खाली, आणखी दोन-चार सेंटिमीटर उतरली आणि वहीतली चढण महिनाभर अडखळली, की तूट बंद करायची वेळ आली. तिथून रोज २०० कॅलरी वाढवा, प्रोटीन तेवढंच ठेवा, ढकलण्या-ओढण्याचे सेट १२ वर न्या, आणि टेप महिन्यातून दोनदाच काढा.